धरणाच्या घड्याळावर वाहणारी नदी

अटलांटात जुलैमध्ये पारा पस्तिशीकडे सरकतो. शहराच्या उत्तरेला, ब्यूफर्ड धरणाखाली, चॅटाहूची नदीत कमरेपर्यंत उतरलेल्या माणसाचे पाय मात्र तासाभरात बधिर होतात. तिथलं पाणी जेमतेम दहा अंशांचं असतं. थंड पाणी जड, ते धरणामागच्या लेनियर जलाशयाच्या तळाशी बसतं, आणि वीजनिर्मितीसाठी पाणी घेतलं जातं ते खोलातूनच. १९५६ साली हे धरण उभं राहिलं तेव्हा कुणाच्या डोळ्यासमोर ट्राउट मासा नव्हता. पूर आवरायचा होता, वीज हवी होती. ट्राउट हा त्या कामाचा उपफायदा.

ट्राउटला पाणी साधारण वीस अंशांच्या वर गेलं की सोसवत नाही. जॉर्जिया राज्याचा मूळ रहिवासी म्हणावा असा एकच, ब्रूक ट्राउट, आणि तोही उत्तरेच्या डोंगरातल्या ओढ्यांमध्ये राहतो. चॅटाहूचीत गळाला लागणारा रेनबो ट्राउट कुळाने कॅलिफोर्नियाकडचा, आणि ब्राउन युरोपातला. पण पाहुणे रुळले. धरणापासून जवळच मत्स्यबीज केंद्र आहे, तिथून रेनबो सोडले जातात. ब्राउन तर इथे स्वतःच वीण घालू लागले, म्हणून २००५ पासून ते सोडणंच बंद झालं. २०१४ मध्ये याच नदीत नऊ किलोंहून जड ब्राउन सापडला. तो राज्याचा विक्रम ठरला.

या थंडीची किंमत दुसऱ्याने मोजली. शोल बास हा इथला अस्सल भूमिपुत्र, खडकाळ उथळ्यांवरच्या वेगवान पाण्यात राहणारा. शास्त्राने त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं ते थेट १९९९ मध्ये. तोवर थंडगार विसर्गाने शहराजवळची त्याची बरीच जागा गिळली होती. मॉर्गन फॉल्स धरणाखाली पाणी थोडं कोमट होतं. तिथे २००३ पासून काही वर्षं शोल बासची पिल्लं मुद्दाम सोडली गेली. हे मॉर्गन फॉल्स १९०४ चं, अटलांटाच्या ट्रामला वीज मिळावी म्हणून बांधलेलं. म्हणजे एका धरणाने परका मासा वसवला, आणि दुसऱ्याच्या खालच्या अंगाला घरच्या माशाला परत बोलवावं लागलं. नदीत उतरणाऱ्याने कुठला मासा श्रेष्ठ यावर वाद घालण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

उतरायचं म्हणजे काय, हे नवख्याला पहिल्यांदा कळतं ते गुळगुळीत खडकावर. प्रवाहाकडे तोंड किंवा पाठ करून चालणारा पडतो. मुरलेला माणूस प्रवाहाला बाजू देऊन उभा राहतो म्हणजे पाण्याला अंगाची कमीत कमी रुंदी मिळते, आणि पाऊल उचलत नाही, सरकवतो. आधीचं पाऊल खडकांत नीट बसल्याशिवाय दुसरं हलवायचं नाही. हातातली काठी वरच्या अंगाला रोवायची. छातीपर्यंत येणाऱ्या वेडर्सवर, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या विजारीवर, कमरेला पट्टा घट्ट आवळायचा, नाहीतर पडल्यावर आत पाणी भरतं. पडलंच तर उताणं व्हावं, पाय खालच्या अंगाला ठेवावेत आणि उभं राहायची घाई करू नये. खडकात पाय अडकला की पाण्याचा जोर माणसाला खाली दाबतो.

आणि सगळ्यात आधी, पाण्याचं वेळापत्रक. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे पुणेकराला नव्याने सांगायला नको. तिथे ते पावसाळ्यापुरतं असतं, चॅटाहूचीत मात्र कोरड्या ठणठणीत दिवशीसुद्धा, विजेची मागणी वाढली की. धरणाजवळ भोंगा वाजतो, पण खाली दूरवर तो ऐकू येत नाही आणि वाढलेलं पाणी तिथे कित्येक तासांनी पोचतं. म्हणून जाणकार काठावरचा एक दगड डोळ्यांनी धरून ठेवतात. तो भिजू लागला, किंवा पालापाचोळा तरंगत यायला लागला, की गळाला लागलेला मासासुद्धा सोडून काठ गाठायचा. धरणापासून पहिल्या मोठ्या पुलापर्यंत तर तरंगतं जॅकेट अंगात घालणं कायद्यानेच सक्तीचं आहे.

मग राहतो मासा. ट्राउट वेगवान धार आणि संथ पाणी जिथे भेटतात त्या शिवणीवर, तोंड वरच्या अंगाला करून उभा असतो. म्हणून त्याच्याकडे खालून जावं. तो खातो चिमुकल्या किड्यांच्या अळ्या, तेव्हा गळही तेवढाच बारीक. आमिष पाण्याच्या गतीने वाहत आलं पाहिजे. दोरीने त्याला किंचित ओढलं तरी तो तोंड फिरवतो. शोल बासची तऱ्हा उलटी. तो खडकाच्या आडोशाला क्रेफिशची वाट बघतो, आणि धडपडत पळणारं आमिष त्याला आवडतं. एकाच दिवशी दोघांच्या मागे लागणाऱ्याला हाताची सवय दर तासाला बदलावी लागते, आणि खरं कौशल्य तिथेच दिसतं. डोक्यावरून आय-२८५ महामार्गाची घरघर चालू असते. मासा तिकडे लक्षही देत नाही. खडीवर बूट घासला, सावली पडली, की मात्र निघून जातो.

शहर या नदीला आणखी एक गोष्ट देतं: मैला. १९९५ मध्ये चॅटाहूची रिव्हरकीपर या संस्थेने अटलांटा पालिकेवर दावा लावला, कारण मोठ्या पावसात सांडपाणी सरळ नदीत जाई. १९९८ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली करार झाला आणि जमिनीखाली प्रचंड बोगदे खोदावे लागले. आता नदीतल्या ई-कोलाय जिवाणूंचा अंदाज रोज जाहीर होतो. १९७८ पासून या नदीचा ७७ किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे, आणि सोप क्रीकपासून रस्ता क्रमांक ४१ पर्यंत १ नोव्हेंबर ते १४ मे या काळात पकडलेला प्रत्येक ट्राउट परत सोडावा लागतो, आणि मासेमारीही एकाच गळाच्या कृत्रिम आमिषानेच करावी लागते.

अटलांटा परिसरात मराठी घरं कमी नाहीत. त्यांच्यापैकी कुणाला पाण्यात उतरायचं असेल तर सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो, ट्राउटसाठी वेगळा. जोरदार पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवस जाऊ नका, आणि विसर्गाचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय गाडीतून काठी काढू नका.