उरलेल्या लाटा

‘गर्ल्स कान्ट सर्फ’ हा माहितीपट महाडात दाखवायचं ठरलं, तेव्हा माझ्या बरोबरीच्या निवृत्त शिक्षिकांनी मला वेड्यात काढलं. खेळ सर्फिंगचा, तोही ऑस्ट्रेलियातला, आणि बघणार कोण, तर पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधल्या बचत गटांच्या बाया आणि महाडच्या कॉलेजच्या काही मुली. सावित्री महाबळेश्वरातून उतरते, पोलादपूर-महाड करत हरिहरेश्वर आणि बाणकोटच्या मधे समुद्राला मिळते, एवढाच काय तो आमचा समुद्राशी संबंध. वाड्यांवरच्या कित्येक बायांनी समुद्र पाहिलेला नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांनी हरिहरेश्वरला देवदर्शनाच्या निमित्ताने, पदर खोचून घोट्यापर्यंत.

सिडनीला असलेल्या भाचीने माहितीपट दाखवण्याची रीतसर परवानगी मिळवून दिली. तो सगळा इंग्रजीत. म्हणून मी पडद्याशेजारी खुर्ची टाकून माईकवर मराठीत सांगत जायचं, असं ठरलं. मे महिन्याची दुपार, पत्र्याचा हॉल, पंखे असून नसल्यासारखे.

पहिल्याच दृश्यांना मागून प्रश्न आला, “बाई, मासं धरायला जातात का गो या?”

“नाही, खेळायला.”

“पान्यात?”

त्यावर महाडच्या बाजारपेठेतली एक वहिनी म्हणाली, “आम्ही 2021 ला खूप खेळलो. रात्रभर माळ्यावर बसून.” सगळ्या हसल्या. त्या वर्षी 22 जुलैला महाड पुरात बुडालं आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला. तिकडे पोलादपुरात केवनाळे, सुतारवाडीतही माणसं गेली. हसणाऱ्यांना हे सगळं ठाऊक होतं. आपल्याकडे बाया अशा गोष्टींवर अशाच हसतात.

ख्रिस्तोफर नेलियस या दिग्दर्शकाने 2020 मध्ये केलेला हा माहितीपट 1980 आणि 90 च्या दशकांतल्या व्यावसायिक सर्फर बायांचा आहे. जुनी चित्रणं आणि आता वय झालेल्या त्याच बायांच्या मुलाखती. स्पर्धांचं तंत्र मला आधी समजावून द्यावं लागलं. मैदान नेहमी सारखंच असतं, समुद्र नसतो. भरती-ओहोटी, वारा, लाटेची उंची यांवर सगळं अवलंबून. दिवसातले काही तास लाटा उत्तम असतात. ते तास पुरुषांच्या फेऱ्यांना द्यायचे. वारा बिघडला, पाणी उतरलं, पुरुष जेवायला बसले, की बायांना पाण्यात सोडायचं. मग त्या मरतुकड्या लाटांवर त्यांना काही जमलं नाही की म्हणायचं, बघा, पोरींना येतच नाही.

“म्हंजे समद्यांचं झालं की उरलंसुरलं,” पुढे बसलेल्या एक आजी म्हणाल्या. मी इतकं नेमकं भाषांतर केलं नव्हतं.

एका कॉलेजच्या मुलीने लगेच चवदार तळ्याचं नाव घेतलं. महाडात ते येणारच. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब ज्या पाण्यापर्यंत चालत गेले ते पाणी हॉलपासून हाकेच्या अंतरावर. पण मला ती तुलना पटली नाही आणि मी तसं माईकवरच सांगितलं. तहानलेल्या माणसाला घोटभर पाणी नाकारणं आणि खेळाडूला वाईट लाट देणं यांना एका पारड्यात घालू नये. मुलगी गप्प बसली नाही. “बाई, पण ‘तुम्ही नंतर’ हे म्हणणारा माणूस तोच असतो ना?” तिचं म्हणणं मी खोडून काढलं नाही.

माहितीपटात पुष्कळ जणी आहेत. जोडी कूपर, वेंडी बोथा, पॅम बरिज, लिसा अँडरसन. पण हॉल जिंकला तो पॉलीन मेंझरने. बाँडायची ही मुलगी तिशी गाठायच्या आधीच जगज्जेती झाली, 1993 साली. लहानपणी वडील गेले, आईने एकटीने पोरं वाढवली, आणि पॉलीन शिकली ती मोडक्या फळीच्या अर्ध्या तुकड्यावर. चौदाव्या वर्षी संधिवात जडला. प्रायोजक मिळेना, कारण जाहिरातीत शोभेल असं रूप नाही, असं कंपन्यांचं मत. मग स्पर्धांच्या प्रवासखर्चासाठी ती लिव्हाइसच्या जीन्स स्वस्तात घेऊन फ्रान्समध्ये विकायची. हे सांगितल्याबरोबर दोन-तीन बायांनी एकमेकींना कोपर मारलं. पोलादपूरच्या बाजारात करवंदं, फणसाचे गरे, गावठी अंडी विकून पोरांची फी भरणाऱ्या बाया त्या. त्यांना यात नवल वाटलं नाही, ओळख पटली.

जगज्जेतेपदासाठी तिला बक्षिसाची रक्कम मिळालीच नाही. ढाल मिळाली, तीही मोडकी. पुढे ती शाळेची बस चालवत होती. माहितीपट आल्यावर लोकांनी वर्गणी काढून तिला पैसे दिले, हे मी माझ्याकडून सांगितलं. टाळ्या पडल्या. आजींनी मात्र विचारलं, “ज्यांनी द्याचं होतं त्यांनी दिलं का?”

एका दृश्यात मी सांगायचं थांबवलं, कारण गरजच उरली नाही. दक्षिण आफ्रिकेत जेफ्रीज बे इथे, लाटा मेलेल्या असताना बायांना पाण्यात जायला सांगतात आणि त्या जात नाहीत. सगळ्या वाळूत बसून राहतात.

“लावणीला आपण अशा बांधावर बसलो तर?” मागून कुणीतरी म्हणालं.

नेमकी तेव्हाच लाईट गेली. ती येईपर्यंत अंधारात जे बोलणं झालं तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप केला, असं मला आता वाटतं. आमच्याकडे लावणीला बाईचा रोज वेगळा आणि गड्याचा वेगळा. कारण विचारलं तर सांगतात, गडी चिखलणी करतो, जोराचं काम. आता चिखलणी पॉवर टिलर करतो आणि गडी त्याच्यामागे चालतो. बाई मात्र पावसात, इरल्याखाली किंवा प्लास्टिकच्या कागदाखाली, सकाळपासून कमरेत वाकलेलीच. रोपाच्या मुठी सोडायच्या, चिखलात खोचायच्या, मागे सरकायचं. संध्याकाळी पायांच्या बोटांना चिखल्या. आणि रोप काही थांबत नाही. राबातलं रोप तीन आठवड्यांचं झालं की लावावंच लागतं, आठ-दहा दिवस गेले की ते जून होतं, फुटवे कमी धरतात, वर्षाचं भात हातचं जातं. म्हणजे बांधावर बसण्यात केवढी ताकद आहे हे प्रत्येकीला माहीत. पण न बसण्याची कारणंही तेवढीच पक्की. शेतवाला बहुतेक वेळा भावकीतलाच असतो, आणि घरी चूल असते.

“रोजगार हमीवर तर बाई-गडी सारखंच देतात की,” एक जण म्हणाली. ते खरं आहे. सरकारी खडी फोडताना जी सारखी, ती खासगी बांधावर कमी कशी होते, याचं उत्तर अंधारात कुणाकडे नव्हतं. उजेडातही नसावं.

लाईट आली. मग मी त्यांना 2018 ची गोष्ट सांगितली. दक्षिण आफ्रिकेतल्या एका कुमार स्पर्धेत मुलगा आणि मुलगी दोघं विजेते, शेजारी उभे, हातात मोठे धनादेशाचे फलक. त्याच्यावर 8000 रँड, तिच्यावर 4000. तो फोटो जगभर फिरला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वर्ल्ड सर्फ लीगने 2019 पासून पुरुषांना आणि बायांना सारखंच बक्षीस जाहीर केलं. मुलींनी विचारलं, आपल्याकडे कोणी आहे का. आहे. मुंबईची इशिता मालवीय. शिकायला मणिपालला गेली आणि 2007 मध्ये तिथल्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकली. भारतातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तुषार पथियनसोबत ती उडुपीजवळच्या कोडी बेंगरे गावात सर्फिंग क्लब चालवते. दोघी-तिघींनी नाव वहीत लिहून घेतलं.

शेवटची दहा मिनिटं अर्ध्या हॉलने पाहिलीच नाहीत. वाड्यांकडे जाणारी शेवटची एसटी चुकवून चालणार नव्हतं.

माहितीपट म्हणून तो थोडा लांबलाय, आणि बक्षिसाच्या आकड्यांपुढे जाऊन पैसा कुणाच्या हातात आहे हे तो फारसं विचारत नाही. तरी शाळा-कॉलेजांनी तो जरूर दाखवावा, माईकवर सांगणारं कुणीतरी बसवून. आणि महाड-पोलादपुरात ज्यांची भातखाचरं आहेत त्यांना एक विनंती. यंदा लावणीचा रोज ठरवाल तेव्हा बाईला आणि गड्याला एकच आकडा सांगा. सारख्या कामाला सारखं वेतन, हा कायदा या देशात 1976 सालीच झालेला आहे.