एक वस्तू आत, एक वस्तू बाहेर



गेल्या वेळी लोणच्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर पुष्कळजणींनी विचारलं की काकू, मध्ये पाच महिने लिखाण का बंद होतं? बरं नव्हतं का? मी ठणठणीत होते. आमचा कॉम्प्युटर आजारी होता. आज त्याचीच गोष्ट सांगते. त्यात माझी एक चूक आहे, ती लपवणार नाही.

हा कॉम्प्युटर २०१४ साली आला. हे निवृत्त झाले तेव्हा आलेल्या पैशातून अठ्ठावीस हजारांना घेतला. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि पाचशे जीबीची हार्ड डिस्क. त्यावर यांनी बिलं आणि गुंतवणुकीचे हिशेब ठेवले, मी पाठशाळेच्या मुलांचे पेपर टाइप केले आणि पुढे हे लेख लिहायला लागले. फोनवर लिहिणं मला जमत नाही. दोन्ही हात कीबोर्डवर असले की विचार सरळ येतात.

सात वर्षांनी तो इतका मंदावला की सकाळी बटण दाबून मी पाणी गाळून, भरून ठेवून यायची, तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, टाकून दे तो, लॅपटॉप पाठवतो." मला ते पटेना. चालती वस्तू टाकायची कशी? गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "काकू, प्रोसेसर बरा आहे. अडचण डिस्कची आहे." त्याने समजावलं ते असं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक सुई तिच्यावर इकडून तिकडे जाऊन माहिती शोधते. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, सगळं चिपवर. त्याने २४० जीबीची एसएसडी बसवली, चार जीबी रॅम आणखी घातली. खर्च चार हजार दोनशे. कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात सुरू व्हायला लागला. तुमच्याकडे जुना, मंद झालेला कॉम्प्युटर असेल तर आधी एवढंच करून बघा. बऱ्याचदा त्यात आणखी काही वर्षं मिळतात. आम्हाला मिळाली.

आता चूक. विंडोज नव्या एसएसडीवर गेलं, पण फोटो आणि बाकीचं सगळं जुन्या डिस्कवर तसंच राहिलं. तो मुलगा जाताना म्हणाला, "काकू, ही डिस्क सात वर्षांची झाली. एक बाहेरची डिस्क घ्या आणि याची कॉपी करून ठेवा. चार हजारांत येईल."

तो आठवडा दशलक्षणाचा होता. नवव्या दिवशी, उत्तम आकिंचन्याला, मी नियम घेतला होता की घरात एक नवी वस्तू आली तर एक जुनी बाहेर जाईल, आणि गरज नसेल तर काहीच येणार नाही. मी त्याला अभिमानाने म्हटलं, "नको रे बाबा, एकाच गोष्टीसाठी दोन दोन डिस्क कशाला? परिग्रह कमी करायचाय." तो हसला आणि गेला.

मनात खरं काय होतं ते आज सांगते. चार हजार वाचले याचा आनंद होता. नियमाचं नाव पुढे केलं, एवढंच.

त्या डिस्कवर सासूबाईंचा आवाज होता. २०१६ साली त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. दुपारी त्यांना बोलतं करून मी फोनवर अकरा रेकॉर्डिंग केली होती. त्यांच्या माहेरचे पाळणे, पापडखार किती घालायचा, लग्नात बैलगाडीतून वरात कशी आली, दुष्काळात घरात काय शिजायचं, असं सगळं. फोन बदलला तेव्हा ती मी कॉम्प्युटरवर ठेवली. २०१८ साली त्या गेल्या. त्यानंतर मला ते ऐकवेना. म्हटलं, आहेत ना जपून, होईल कधीतरी.

या मे महिन्यात कॉम्प्युटरमधून खट्‌-खट्‌ आवाज यायला लागला. पंख्यात काही अडकलं असेल म्हणून मी दोन दिवस तसाच चालवला. तिसऱ्या दिवशी ती डिस्क पडद्यावर दिसेनाशी झाली. तेवढ्यात सुट्टीला नातू आला होता. वय चौदा. त्याने आवाज ऐकला आणि वायर ओढूनच काढली. म्हणाला, "आजी, आता पुन्हा सुरू करू नकोस. जितक्या वेळा सुरू करशील तितकं जास्त बिघडेल." त्याचं बरोबर होतं. ती सुई तबकडीला घासायला लागली की माहितीच खरवडून निघते.

पुण्यात अशा डिस्क उघडून माहिती काढून देणारे आहेत. धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडायची, तशाच दुसऱ्या डिस्कचे भाग घालायचे आणि निघेल तेवढं काढायचं. बावीस हजार सांगितले, आणि सगळं मिळेलच असंही नाही. मी यांना रक्कम सांगितली तेव्हा मान वर होत नव्हती. चार हजार वाचवणारी मीच होते. हे काही बोलले नाहीत. उठून चेकबुक घेऊन आले.

महिनाभराने उत्तर आलं. सहा रेकॉर्डिंग पूर्ण, एक अर्धं. चार गेली. वरातीचं गेलं.

त्यानंतर कॉम्प्युटरकडे बघावंसं वाटेना. पाच महिने तो कपड्याखाली झाकलेला राहिला. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला सुरक्षेची नेहमीची मोफत दुरुस्ती मिळणार नव्हती, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतो. आमचा चौथ्या पिढीचा. बँकेचं काम त्यावर करायचं तर धोका नको. म्हणजे या खेपेला गरज खरी होती.

मी कॉमर्सची. घसाऱ्याशिवाय मला वस्तू दिसत नाही. आयकराच्या आजच्या दराने कॉम्प्युटरवर घटत्या शिल्लक पद्धतीने चाळीस टक्के घसारा धरतात. शंभराचे साठ, साठाचे छत्तीस, असं करत अकरा वर्षांत अठ्ठावीस हजारांचे जेमतेम शंभर रुपये उरतात. वहीत शंभर रुपये. आणि त्यातल्या एका डिस्कचे आम्ही बावीस हजार मोजले होते. हे कुठल्या खात्यात लिहायचं ते बी.कॉम.ला शिकवलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत नातू परत आला, तो यादी घेऊनच. एक लाख दहा हजारांची. त्यात तीस हजारांचं ग्राफिक्स कार्ड, पाण्याने थंड होणारा कूलर आणि रंगीत दिवे लागणारे पंखे. मी यादी समोर ठेवली आणि प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहिला, कशासाठी? तो खरं बोलला. "कार्ड गेमसाठी, आजी." कुठला गेम ते विचारलं, तेही त्याने सांगितलं. गोळ्या झाडण्याचा. माझ्या ओठांवर अहिंसेचं व्याख्यान आलं होतं. पण चार हजारांची बाई कोणाला व्याख्यान देणार? मी एवढंच म्हटलं, "हा कॉम्प्युटर माझा आहे. मला लागेल तेवढंच घेऊ. पण जोडायचा तू, मी बघणार."

मग आम्ही दोघांनी नवी यादी केली. तुमच्यापैकी कोणाला उपयोगी पडेल म्हणून देते. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, बारा हजार पाचशे. यातल्या 'जी'चा अर्थ चित्र दाखवायची सोय आतच आहे, वेगळं कार्ड लागत नाही. मदरबोर्ड सात हजार आठशे. बोर्ड निवडताना माझा एकच आग्रह होता, जुन्या मॉनिटरची निळी पिन बसेल असं तोंड हवं. नाहीतर मॉनिटरही नवा घ्यावा लागला असता. रॅम सोळा जीबी, पण एक सोळाची पट्टी नाही, आठ-आठच्या दोन. दोन पट्ट्या एकदम काम करतात आणि चित्र दाखवणारा भागही हीच रॅम वापरतो, त्यामुळे फरक पडतो. चार हजार सहाशे. रॅमचे भाव तेव्हा चढायला लागले होते, एआयच्या मोठमोठ्या केंद्रांना मेमरी लागते म्हणून. पाचशे जीबीची एनव्हीएमई एसएसडी तीन हजार चारशे. कॅबिनेट दोन हजार आठशे.

राहिला पॉवर सप्लाय. इथे मी पुन्हा घसरणार होते. म्हटलं, "जुना चालतोय की, तोच लाव." नातू म्हणाला, "आजी, तो अकरा वर्षांचा आहे. तो गेला तर जाताना बाकीच्यांनाही घेऊन जाऊ शकतो." मी गप्प झाले. साडेपाचशे वॅटचा चांगला घेतला, चार हजार शंभर. बेरीज पस्तीस हजार दोनशे. त्याशिवाय ती बाहेरची डिस्क, चार वर्षं उशिरा, चार हजार सहाशे पन्नास.

यादीत लोक एक गोष्ट लिहायची विसरतात, ती म्हणजे विंडोजचा परवाना. "काकू, ते आम्ही असंच टाकून देतो," असं एका दुकानात सांगितलं. अचौर्य अणुव्रत पाठशाळेत शिकवायचं आणि घरी चोरीचं विंडोज चालवायचं, हे होणार नव्हतं. त्याचे साडेनऊ हजार वेगळे गेले. ते मला जड गेले नाहीत.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवसाउजेडी, जेवणाच्या टेबलावर जोडणी झाली. नातवाने आधी स्टीलच्या कपाटाला हात लावला. अंगातली स्थिर वीज उतरवायची असते, नाहीतर चिप बिघडते. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, बोर्डावरही तशी खूण असते. दोन्ही जुळवून फक्त ठेवायचा. दाबायचा नाही, आपोआप बसतो. खालच्या केसासारख्या पिना वाकल्या तर बारा हजार पाण्यात. रॅमच्या पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. तो सांगत होता आणि मी चष्मा लावून सूचनांचं पुस्तक वाचत होते. हे बॅटरी धरून उभे.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. पोराचा चेहरा उतरला. मी पुस्तकातली एकेक ओळ टिक करत गेले, खतावणी तपासतात तशी. अकराव्या ओळीवर सापडलं. प्रोसेसरजवळची आठ पिनांची वायर लावायचीच राहिली होती. ती लावली आणि पडदा उजळला. "आजी, तू भारी आहेस," असं त्याने म्हटलं, ते मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

नियमाप्रमाणे एक वस्तू बाहेर जायची होती. जुन्या यंत्रात ती २४० जीबीची एसएसडी होतीच. आमचं सगळं पुसून त्यावर लिनक्स घातलं, ते मोफत असतं. जुना पॉवर सप्लायही बदलून दिला आणि यंत्र पाठशाळेत गेलं. तिथे मुलं त्यावर टायपिंग करतात. मेलेली डिस्क ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायला नातू सांगत होता. ती अजून माझ्या कपाटात आहे. नियम मोडलाय म्हणा.

नव्या बोर्डावर ग्राफिक्स कार्डाची खाच रिकामी आहे, पॉवर सप्लायही पुरेल. नातू ते विसरलेला नाही. मी म्हटलं, अठरा वर्षांचा झालास की स्वतःच्या कमाईतून ठरव. जागा आहे, वस्तू नाही.

काटकसर आणि अपरिग्रह यांत मी इतकी वर्षं गल्लत केली. काटकसरीत हिशेब माझ्या पैशाचा असतो. अपरिग्रहात आसक्तीचा. मला आसक्ती त्या चार हजारांची होती, आणि जपायला हवं होतं ते उघड्यावर होतं. तुमच्या घरी वडीलधाऱ्यांचे आवाज, फोटो, हस्ताक्षर जिथे असेल तिथून आजच कॉपी करा. जाणकार तीन प्रती सांगतात. दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. आमची सात रेकॉर्डिंग आता नव्या कॉम्प्युटरवर, बाहेरच्या डिस्कवर आणि पुण्याला मुलाकडे आहेत.

परवा प्रथमच ऐकायला बसले. अर्धं मिळालेलं आधी लावलं. सासूबाई पाळणा म्हणताहेत, दुसरं कडवं सुरू होतं, मध्येच थांबतात आणि स्वच्छ आवाजात विचारतात, "अगं, गाळणं वाळत घातलंस का?" तिथेच ते तुटतं.

मी उठून बघून आले. घातलं होतं.

जय जिनेंद्र.