धूसर खांब

आमच्या कोलकात्याच्या सरकारी निवासस्थानात, बैठकीच्या भिंतीवर, आईचे एक छायाचित्र आहे. २०११ च्या मे महिन्यात रजेवर वाईस गेलो असता ते आम्ही काढले. ८५ मिलिमीटरचे भिंग नुकतेच घेतले होते, आणि नव्या भिंगाच्या मालकास जगात चेहऱ्यांखेरीज दुसरे काही दिसत नाही. आईस ओसरीच्या कडेला बसविले. चौकातला मवाळ उजेड तिच्या गालावर होता. भिंगाचे छिद्र एफ १.८ पर्यंत पुरते उघडून दीड मीटरवरून कळ दाबली.

छिद्र जितके मोठे आणि माणूस जितका जवळ, तितका रेखीव उमटणारा पट्टा अरुंद. छायाचित्रकार त्यास 'डेप्थ ऑफ फील्ड' म्हणतात. आमचा पट्टा जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरांचा होता. जवळच्या डोळ्याच्या पापण्या मोजून घ्याव्यात. कानातली कुडी मात्र विरघळू लागलेली, आणि मागचे घर पार धुक्यात.

"अरे, माझं घर कुठं गेलं यात?" आईने विचारले.

आम्ही लगेच ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनचा दाखला दिला. ही बाई १८१५ साली कलकत्त्यातच जन्मली. तिचा पती तेथे गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदेविषयक सभासद होता, म्हणजे आमच्यासारखाच बदलीचा धनी! विलायतेस परतल्यावर, वयाच्या ४८ व्या वर्षी, तिच्या हाती कॅमेरा आला. तिच्या धूसर चित्रांना टीकाकारांनी नावे ठेवली, पण तिने आपला हेका सोडला नाही. १८६७ सालचे तिचे सर जॉन हर्शेल यांचे छायाचित्र आम्ही आईस दाखविले: पिंजारलेले पांढरे केस, खोल डोळे, मागे नुसता काळोख.

आईने ते निरखून पाहिले. "त्याच्या घरच्यांनी पाहिलेलंच असणार त्याचं घर," ती म्हणाली. "तुझी मुलं कुठं पाहतायत हे?"

वाडा २०१६ मध्ये गेला. भाऊबंदांच्या सह्या झाल्या. आम्ही आमचे कुलमुखत्यारपत्र टपालाने धाडले. हल्लीचे फोन पार्श्वभूमी गणिताने धूसर करतात आणि मागाहून ती परतही देतात म्हणे. आमच्या भिंगाला ती सोय नव्हती. एफ ८ ठेवले असते, तर मागचा खांब निदान खांब म्हणून ओळखू आला असता. तसे केले असते, तर चेहरा असा उमटला असता का, याची मात्र शंका आहे. म्हणून चित्र काही आम्ही भिंतीवरून उतरविलेले नाही.

परवा धाकटीने त्यातल्या उजवीकडच्या तपकिरी पट्ट्याकडे बोट दाखवून विचारले, "बाबा, हे काय आहे?" तो ओसरीचा खांब. दर दिवाळीस अभ्यंगस्नान उरकले, की वडील आम्हा भावंडांस त्याला पाठ लावून उभे करीत आणि डोक्याशी पेन्सिलीची रेघ ओढीत.

"मग माझ्याएवढे असताना तुमची रेघ कुठं होती?"

आम्ही चष्मा लावून जवळ गेलो आणि त्या तपकिरी धुक्यावर, अंदाजानेच, एके ठिकाणी बोट टेकले.