लॅपटॉप आणि परिग्रह

माझा लॅपटॉप 2016 चा. घरखर्चाचा हिशोब, बँक, ह्यांच्या औषधांच्या नोंदी, सगळं त्यावरच. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज 11 या जुन्या प्रोसेसरवर चालत नाही. तेव्हापासून बँकेचं काम मुलाकडे गेलं. आयुष्यभर हिशोब मी ठेवला. आता शिल्लक किती, तेही त्याला विचारायचं!

मुलगा म्हणतो, "आई, थांब थोडं, नवीन मॉडेल येतंय." मागच्या वर्षीही हेच म्हणाला होता.

कॉमर्सला घसारा शिकले होते. आयकरात धंद्यातल्या संगणकावर वर्षाला 40 टक्के घसारा धरतात. 50,000 चा लॅपटॉप वर्षभरात कागदावर 30,000 चा. कधीही घेतला तरी तो जुना होणारच. मग माझ्या कामाला पुरेल असा आजच घ्यावा.

परिग्रह-परिमाणात माझा लॅपटॉप एकच. जुन्याची डिस्क पुसून तो ई-कचऱ्यात देईन. परिग्रह म्हणजे शेवटी आसक्ती. न घेतलेल्या मॉडेलमध्ये वर्षभर मन अडकलं, तर तोही परिग्रहच ना?