पस्तीस अश्वशक्ती, साडेसातशे पौंड

12 एप्रिल 2025, शनिवार. नोव्हाय, मिशिगन

जाहिरातीतली बोट बघून आलो. सोळा फुटी, ॲल्युमिनियमची, व्ही तळाची, तीन आडव्या बाकांची. स्टिअरिंग नाही, मोटरचा दांडा हातात धरूनच चालवायची. ट्रेलर सोबत मिळतो आहे. जाहिरातीत '1980 मॉडेल' असं लिहिलं होतं. नवरा थेट मोटरकडे गेला. मी आत चढून मागच्या बाकाजवळ क्षमतेची पट्टी शोधली. नियमाप्रमाणे बोट हाकणाऱ्याला निघताना दिसेल अशाच जागी ती असावी लागते. होती, पण मळाच्या थराखाली. ओल्या फडक्याने पुसल्यावर एकेक ओळ वर आली: कमाल अश्वशक्ती 35. माणसांचं कमाल वजन 750 पौंड. माणसं, मोटर आणि सामान मिळून 1000 पौंड. खाली बारीक अक्षरांत एक वाक्य: प्रमाणपत्राच्या तारखेला लागू असलेल्या अमेरिकन कोस्ट गार्डच्या सुरक्षा मानकांना ही बोट धरून आहे.

आणि मागे टांगलेली मोटर पन्नासची.

विकणाऱ्या आजोबांना विचारलं. म्हणाले, "सगळेच थोडी मोठी लावतात. इतकी वर्षं चालवली, काही झालं नाही." माणूस भला आहे, आम्हाला कॉफी पाजली, बोटीखालची एकेक रिव्हेट स्वतः वाकून दाखवली. पण 'काही झालं नाही' हा पुरावा मी मानत नाही.

निघताना बोटीच्या नंबराचा फोटो काढला. ट्रान्समवर, म्हणजे मोटर बसते त्या मागच्या उभ्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात वर कोरलेली बारा अक्षरं.

13 एप्रिल, रविवार

सकाळी तो नंबर उलगडून बसले. पहिली तीन अक्षरं बांधणाऱ्या कंपनीची, पुढची पाच त्या बोटीच्या क्रमांकाची, शेवटची चार तारखेची. आमच्या या बोटीची शेवटची चार: एम 76 एच. एम म्हणजे मॉडेल वर्ष सांगणारी पद्धत, 76 हे वर्ष, आणि एच हा महिना. या पद्धतीत वर्ष ऑगस्टपासून मोजतात: ए म्हणजे ऑगस्ट, बी सप्टेंबर, असं करत एच मार्चला येतं. म्हणजे बोट बांधली मार्च 1976 मध्ये. 1980 हे बहुधा मोटरचं साल असावं. आजोबांच्या डोक्यात दोन्ही एक झाली असणार.

(ऑगस्ट 1984 पासून ही मांडणी बदलली. तिथे महिन्याची अक्षरं जानेवारीपासून सुरू होतात, आणि शेवटचे दोन आकडे मॉडेल वर्षाचे असतात. जुनी आणि नवी पद्धत एकमेकींत मिसळली की साल हमखास चुकतं.)

चार वर्षांनी एवढं काय बिघडतं, असं नवऱ्याने विचारलं. बरंच बिघडतं. वीस फुटांखालच्या आउटबोर्ड बोटींना 1978 पासून सपाट तरंगण्याची अट आली. बोट पाण्याने भरली तरी ती आडवी न होता सपाट राहिली पाहिजे, म्हणजे आतल्या माणसांना गळाभर पाण्यात का होईना, बोटीतच बसून मदतीची वाट बघता येते. त्याआधीच्या बोटी बुडत नसत, पण उलटून नुसतं नाक वर ठेवून तरंगत राहिल्या तरी नियमात बसत. मिशिगनमध्ये मे महिन्याचं पाणी किती थंड असतं ते आम्हाला ठाऊक आहे. अशा पाण्यात उलट्या, निसरड्या ॲल्युमिनियमला धरून राहायचं की बोटीत बसून राहायचं, हा जिवाचा फरक आहे.

म्हणून पट्टीवरच्या त्या बारीक वाक्यातला 'प्रमाणपत्राच्या तारखेला' हा तुकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ते वाक्य 1976 सालापुरतं बोलतं. आज बोट ठीक आहे असं ते म्हणत नाही. आणि कोस्ट गार्डचं नाव असलं तरी कोस्ट गार्डने ही बोट तपासून शिक्का मारला, असाही त्याचा अर्थ नाही. बांधणाऱ्या कंपनीने आपली आपण दिलेली ती ग्वाही आहे. कोस्ट गार्ड बाजारातून नमुन्याच्या बोटी उचलून चाचणी घेतं, प्रत्येक बोट नव्हे.

14 एप्रिल

हा सगळा कायदा 1971 चा. बोटीचा नंबर आणि क्षमतेची पट्टी 1 नोव्हेंबर 1972 पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या बोटींवर उद्योगसंघटनेच्या ऐच्छिक पट्ट्या सापडतात. पट्टीची सक्ती आहे ती फक्त वीस फुटांखालच्या, एक तळाच्या बोटींना. शिडाच्या होड्या, कनू, कयाक आणि हवा भरायच्या बोटी यातून सुटल्या आहेत.

19 एप्रिल, शनिवार

पस्तीस हा आकडा कुठून आला ते आज मोजून पाहिलं. बोटीची लांबी 16 फूट, ट्रान्समची रुंदी साडेचार फूट, गुणाकार 72. स्टिअरिंग नसलेल्या, व्ही तळाच्या बोटीला 72 ला 0.8 ने गुणून 25 वजा करायचे. येतात 32.6. पुढच्या पाचाच्या पटीपर्यंत नेता येतं, म्हणजे 35. पट्टीवर तेच आहे. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी टेपने मोजून केलेला हिशेब आज आमच्या गॅरेजमधल्या कागदावर तसाच उतरला, याचं मला फार समाधान वाटलं.

गंमत अशी की याच बोटीला स्टिअरिंग आणि वीस इंच उंचीचा ट्रान्सम असता, तर 72 ची दुप्पट वजा 90, म्हणजे 54 आले असते आणि पट्टीवर 55 लिहिता आलं असतं. तळ सपाट असता तर फक्त 25. म्हणजे पस्तीस हा आकडा नुसत्या वेगाचा नाही. दांडा हातात धरून मागे एका अंगाला बसलेला माणूस, त्याचं वजन, मोटरचं वजन आणि ट्रान्समची रुंदी, हे सगळं त्यात धरलं आहे. पन्नासची मोटर लावली की मागची बाजू पाण्यात खाली बसते. वेगात असताना एकदम थ्रॉटल सोडला, की आपल्याच बोटीची लाट मागून येऊन ट्रान्समवरून आत शिरते.

नवऱ्याने आजोबांना फोन केला. मोटर तुमच्याकडेच ठेवा, नुसती बोट आणि ट्रेलर किती? आजोबांनी रास्त भाव सांगितला.

27 एप्रिल, रविवार

उरणहून आईचा फोन. बोट घेतोय हे ऐकल्यापासून तिचा जीव टांगणीला लागला आहे. मोरा ते भाऊचा धक्का या लाँचने तिने उभा जन्म प्रवास केला, तरी गेल्या डिसेंबरपासून ती लाँचमध्ये पाय ठेवायला तयार नाही. 18 डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली. धडक हेच कारण, पण बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती हेही नंतर पुढे आलं. आई म्हणाली, "किती बसवायची ते लिहिलेलंच असतं गं. वाचतं कोण?" तिला पट्टीचा फोटो पाठवला. पौंड म्हणजे काय ते विचारून घेतलं, आणि स्वतःच भागाकार करून सांगितलं: साडेतीनशे किलोही नाहीत. बरोबर आहे, 750 पौंड म्हणजे 340 किलो.

30 एप्रिल, अक्षय तृतीया

आईच्या आग्रहाने मुहूर्तावर व्यवहार केला. बोट घरी आली. तिच्यासमोर नारळ फोडला. शेजारच्या मुलांना खोबरं फार आवडलं.

10 मे, शनिवार

आजचा दिवस बाकांचा. मधल्या बाकाची रिव्हेट ड्रिलने काढून वरचा पत्रा उचलला. आतला फोम मूळचा पांढरा असावा. खालच्या बाजूला तो चहासारखा तपकिरी झाला होता. एक तुकडा तोडून मुठीत दाबला तर बोटांमधून पाणी वाहिलं. वरचा अर्धा भाग कोरडा, हलका, ठणठणीत; खालचा अर्धा इतका जड की दोन्ही हातांनी उचलावा लागला. या फोमवरच बोटीचं तरंगणं अवलंबून आहे. एक घनफूट पाण्याचं वजन 62 पौंडांहून जास्त. ते पाणी फोमने पिऊन ठेवलं, की दुहेरी नुकसान: बोट जड होते, आणि भरली की तिला वर धरणारं आत काही उरत नाही. पट्टीवरचे 1000 पौंड कोरड्या फोमच्या भरवशावर लिहिले होते. जुनी बोट घेताना रंग आणि डेंट सगळे बघतात. बाकाखालचा फोम मात्र फारसं कुणी उघडून बघत नाही, याची मला खरंच काळजी वाटते.

ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेली. नंतर बोट घोड्यांवर ठेवून रिकामा ट्रेलर तोलला. जुन्या कॅटलॉगमध्ये दिलेल्या वजनापेक्षा बोट ऐंशी पौंडांनी जास्त भरली. यातलं थोडं कुणीतरी मागाहून टाकलेल्या प्लायवुडच्या फरशीचं, उरलेलं पाण्याचं. भिजलेला सगळा फोम काढायचा आणि पाणी न पिणारा, बंद पेशींचा फोम मापाने कापून बसवायचा, असं ठरलं. फरशी ठेवतो आहोत, पाय घसरत नाहीत म्हणून. तिचे तीस पौंड आता कायम सामानात धरायचे.

18 मे, रविवार

साडेसातशे पौंड म्हणजे माणसं किती? आमच्या पट्टीवर नुसतं वजन आहे. शेजाऱ्यांच्या नव्या बोटीच्या पट्टीवर माणसांची संख्याही आहे. ती काढायची रीत अशी: पौंडांत 32 मिळवायचे, 141 ने भागायचं, आणि जवळचा पूर्ण आकडा घ्यायचा. आमच्या बोटीला 5.5 च्या थोडं वर येतं, म्हणजे सहा. पण 141 पौंड म्हणजे 64 किलो. थंडीचे कपडे आणि लाइफ जॅकेट घातलेला आमच्या घरातला एकही मोठा माणूस 64 किलोत बसत नाही.

हा सरासरीचा प्रश्न किती जीवघेणा होऊ शकतो, हे 'ईथन ॲलन'ने दाखवलं. 2 ऑक्टोबर 2005, न्यूयॉर्क राज्यातला लेक जॉर्ज. सहलीची बोट, प्रवासी 47, बहुतेक ज्येष्ठ नागरिक, त्यांतले पुष्कळ आमच्याच मिशिगनचे. बोट उलटली आणि 20 जण गेले. कागदावर ती 48 जणांची होती, म्हणजे कुणी नियम मोडून जादा माणसं बसवली नव्हती. पण तो आकडा माणशी 140 पौंड धरून काढलेला, आणि मूळचं कापडी छत जाऊन तिथे लाकडी छत आल्यावर तोल पुन्हा तपासलाच नव्हता. चौकशीत निघालं की त्या बोटीत सुरक्षितपणे 14 जणच बसू शकत होते. पुढे प्रवासी बोटींसाठी कोस्ट गार्डने माणशी वजन 185 पौंड धरायला सुरुवात केली, डिसेंबर 2011 पासून. आमच्यासारख्या हौशी बोटींच्या सूत्रात 141 च आहे.

तेव्हा बोट बदलली की आकडा बदलतो, मग पट्टीवर काहीही छापलेलं असो. आणि तो बदल फक्त खाली येण्याच्या दिशेने मोजायचा. नवा फोम घातला म्हणून हजाराचे अकराशे होत नाहीत.

21 जून, शनिवार. लेक सेंट क्लेअर

नोंदणी झाली, नाकाच्या दोन्ही बाजूंना एमसी नंबर चिकटवले, आज पाण्यात उतरवली. मोटर 25 ची, फोर स्ट्रोक. 35 पर्यंत मुभा होती, पण नवी फोर स्ट्रोक मोटर त्याच ताकदीच्या जुन्या टू स्ट्रोकपेक्षा जड असते, आणि आम्हाला घाई कसलीच नाही.

पूर्ण हिशेब वॉटरप्रूफ शाईने लिहून पट्टीशेजारी चिकटवला आहे. मोटर 140, बॅटरी 45, भरलेली पेट्रोलची टाकी 50, नांगर, दोर, वल्ही आणि जॅकेटं 40, फरशी 30. एकूण 305. हजारातून वजा जाता उरतात 695 पौंड, म्हणजे 315 किलो. पट्टीवरच्या 750 पेक्षा हा आकडा कमी, म्हणून हाच धरायचा. चार मोठी माणसं आणि एक जेवणाचा डबा.

हे तळं दिसायला समुद्र, पण सरासरी खोली जेमतेम अकरा फूट. उथळ पाण्यावर वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा बघता बघता उठतात. आज दुपारी तसंच झालं. आम्ही दोघंच होतो, तरी पुढून दोनदा पाणी आत उडालं. पट्टीवरचे आकडे शांत पाण्याचे असतात. असा वारा असेल तेव्हा चारही नकोत, तीनच.

चार जुलैच्या सुट्टीला शिकागोहून नणंद, नंदावा आणि मुलं येणार आहेत. आम्ही धरून सात जण होतो. सगळ्यांना एकदमच जायचं आहे. नणंदेला आजच फोन करून सांगितलं, "दोन फेऱ्या करू. दुसऱ्या फेरीची मंडळी तोवर काठावर कणसं भाजतील."

तिने विचारलं, "सहा चालतात ना या बोटीत?"

सांगितलं, नाही, चार.