चालत्या कामातील नवी वही

परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाला एक विद्या साधावीच लागते : काम न थांबविता चार्ज देणे आणि घेणे. हीच विद्या यंत्रालाही शिकवावी लागते, हे आम्हांस बख्शी का तालाब येथे उमजले.

लखनौहून सीतापूरच्या रस्त्यावर असलेले हे तहसिलीचे गाव. येथील एका कचेरीत सर्व्हरची देखरेख आमच्याकडे आली. सर्व्हरवरचा प्रोग्राम आपल्या प्रत्येक व्यवहाराची ओळ एका फाइलीत टिपीत असतो; तिला लॉग म्हणतात. आपल्या पेशवाई दफ्तरातील रोजकीर्दच म्हणा ना! ही कीर्द फुगून डिस्क भरली, की सारेच अडते. म्हणून तेथील वहिवाट अशी की, आठवड्यातून एकदा प्रोग्राम बंद करावा, फाइल बाजूस सारावी आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करावा. वेळ थोडाच जाई. परंतु तेवढ्यात कोणाचा अर्धा भरलेला अर्ज वाया जाई, आणि खेड्यावरून दाखल्यासाठी आलेला म्हातारा ‘सर्व्हर डाउन है’ हे ऐकून खिडकीशी तिष्ठत राही.

मग नुसते फाइलीचे नाव बदलले तर? तेवढ्याने भागत नाही. लिनक्समध्ये प्रोग्रामने फाइल एकदा उघडली, की त्याची गाठ नावाशी नव्हे, प्रत्यक्ष फाइलीशी पडते. नाव बदलले तरी तो तीतच लिहीत राहतो. इतकेच काय, ती पुसून टाकली तरी त्याने सोडीपर्यंत डिस्कवरील जागा मोकळी होत नाही! म्हणून ‘लॉगरोटेट’ हे साधन जुन्या फाइलीचे नाव बदलते, नवी कोरी फाइल मांडते आणि प्रोग्रामला इशारा देववते : जुनी मिटा, नवी उघडा. पुष्कळ प्रोग्राम यासाठी ‘हँगअप’ हा इशारा मानतात. मुळात लाइन तुटल्याची ती खबर. रूढीने ती आज्ञा झाली.

इशारा न समजणाऱ्या प्रोग्रामसाठी फाइलीची नक्कल करून मूळ फाइल रिकामी करण्याचीही सोय आहे. परंतु या दोन क्रियांच्या मधल्या क्षणी आलेल्या ओळी हरवू शकतात. त्या ओळी क्षुल्लक नव्हेत. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने लॉग १८० दिवस जपण्याचे बंधन घातले. शिवाय म्हाताऱ्याचा अर्ज आला होता की नाही, याची साक्ष तीच एक ओळ देते. तेव्हा प्रोग्राम रचणाऱ्यांकडून आम्ही इशारा ओळखण्याची तजवीज करून घेतली. आता वही बदलते, आणि खिडकीवर कोणाच्या ध्यानीही येत नाही.

वाचकहो, बदलीचा हुकूम येतो, दारावरची पाटी बदलते, पत्ता बदलतो. मन मात्र कित्येक महिने जुन्या गावच्याच वहीत नोंदी करीत असते. नव्या गावी कोणी आपुलकीने हाक मारली, म्हणजे कोठे ते नवी वही उघडते. जुनी मात्र जपून ठेवावी. तिला १८० दिवसांची मुदत नाही.