काळ्या गाडीवरचे ओरखडे

पांढरी गाडी सोशीक असते, काळी गाडी चहाडखोर. अंगावर काय गुदरले ते पांढरी कुणाला कळू देत नाही. काळी मात्र उन्हात उभी राहिली की चारचौघांत सगळे बोलून दाखवते. हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालेले नाही. गेली दोन वर्षे मी टिळकवाडीत पहाटे साडेपाचपासून मोटारी धुतो आणि मग रसायनशास्त्राच्या तासाला येऊन बसतो. एकूण सात गाड्या. त्यांच्यावर माझी फी, पुस्तके आणि बसचा पास चालतो. तेव्हा वाचकहो, पुढे जे लिहिले आहे ते मोटारवाल्याचे नव्हे, बादलीवाल्याचे बोल आहेत.

जुन्या ॲम्बेसेडरला पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागे, असे आमच्या गल्लीतले मिस्त्री सांगतात. आजच्या गाडीचे तसे नाही. रंगावर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची सारी चमक या थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग. आणि त्याची गाठ कुणाशी? रस्त्यावरच्या धुळीशी! धुळीत क्वार्ट्झचे बारीक कण असतात. खनिजांच्या काठिण्याच्या १० अंकी मोजपट्टीवर क्वार्ट्झचा अंक ७. अशी धूळ कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे गाडीला हलक्या हाताने पॉलिशकागद घासणेच.

गेल्या उन्हाळ्यात एका बंगल्याच्या मालकांनी मला दुपारी बोलावून घेतले. त्यांची काळी, उंच बांध्याची नवी गाडी उन्हात उभी होती. बॉनेटवर आणि दारांवर बारीक ओरखड्यांचे जाळे दिसत होते. "हे तुझ्या हातचं काम. उद्यापासून येऊ नकोस, आणि या महिन्याचे पैसेही मिळायचे नाहीत," ते म्हणाले. परीक्षेची फी भरायला चार दिवस उरले होते. पण पैशापेक्षा लागले ते दुसरेच. एका घरी कामातली खोट ठरली की ती गोष्ट सातही घरी पोचायला वेळ लागत नाही.

मी म्हटले, "काका, काढून टाकायचं तर टाका. पण आधी एकदा टपावर बघा." मी त्यांच्याकडून मोबाइलची बॅटरी मागून घेतली. प्रकाश बॉनेटवर टाकला की त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे उमटत. खरे तर ओरखडे सगळ्या दिशांना असतात. पण प्रकाशाला आडवे असलेलेच चमकतात, म्हणून ते गोल भासतात. मग त्यांना स्टुलावर चढवून टपाचा मधला भाग दाखवला. तिथे एकही जाळे नव्हते. तोही भाग मीच धुतो. तेच पाणी, तेच फडके, तोच हात. फरक इतकाच, की रोज सकाळी गाडी काढण्यापूर्वी ड्रायव्हरमामा जे कोरडे फडके मारत, ते टपाच्या मध्यापर्यंत पोचत नसे.

यात मामांना तरी दोष कसा द्यावा? गाडीवर धुळीचा कण दिसता कामा नये, ही मालकांचीच ताकीद होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे मी म्हणणार होतो. पण इथे चोर कुणीच नव्हता. मी गप्प राहिलो. मालकही बराच वेळ स्टुलावरच उभे होते.

दारांवर पांढरी वलयेही होती. बागेला बोअरचे पाणी सोडले की त्याचे तुषार गाडीवर उडत आणि उन्हात वाळत. बोअरचे पाणी जड, पाठ्यपुस्तकाच्या भाषेत दुष्फेन. पाणी उडून जाते, कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते. यावर घरचा उपाय आहे. व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन, गाडी सावलीत व थंड असताना, ओले फडके डागावर एक-दोन मिनिटे ठेवावे आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. आम्लात तो क्षार विरघळतो. तरीही वलय राहिले, तर पाण्याने थरातच खड्डा केला आहे असे समजावे. तिथे पॉलिशच हवे.

ओरखड्यावरून नख फिरवावे. नख अडकले तर तो खोल आहे. पॉलिशच्या भरवशावर राहू नये. नख अडकले नाही तर पॉलिशने जातो. पण जातो म्हणजे बुजतो असे नव्हे. त्याच्या आजूबाजूचा थर झिजवून पृष्ठभाग सपाट केला जातो. म्हणजे दर पॉलिशला त्या ४०-५० मायक्रॉनांच्या पुंजीतून थोडे खर्ची पडते. मेण ओरखडा भरते खरे, पण धुऊन निघाले की तो पुन्हा हजर.

म्हणून खरे शहाणपण धुण्यातच आहे. आधी पाण्याच्या धारेने धूळ सोडवावी. दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाची, एक फडके खळबळण्याची. वरून खाली यावे. हात गोल न फिरवता सरळ ओढावा. भांड्यांचा साबण मेण काढून टाकतो, तो वापरू नये. जमिनीवर पडलेले फडके पुन्हा गाडीला लावू नये. शेवटी पाणी वाळण्यापूर्वी मऊ मायक्रोफायबरने टिपून घ्यावे. शेवटच्या धारेला मी राकसकोपचे नळाचे पाणी ठेवतो. बोअरच्या मानाने ते हलके.

त्या महिन्याचे पैसे मिळाले आणि फी वेळेत भरली. ड्रायव्हरमामांचे कोरडे फडके मालकांनीच बंद केले. मामा कानडी, मी मराठी. आता रविवारी आम्ही दोघे मिळून गाडी धुतो. माझा हात घाईवर आला की ते "सावकाश" म्हणतात. हा शब्द त्यांच्या भाषेतला की माझ्या, हे आम्ही अजून ठरवलेले नाही.